बावीस सीझन ऊस तोडला, तरी बाकी तशीच

वाचकाचं पत्र:

ताई नमस्कार. मी बीड जिल्ह्यातला, वय २४. आईवडील ऊसतोड करतात, बावीस सीझन झाले. कधी सांगली, कधी कोल्हापूर, कधी कर्नाटक. मी आजीजवळ राहून शिकलो, आयटीआय इलेक्ट्रिशियन केलं, आता चाकणला कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहे, हातात १७ हजार येतात. शिफ्ट सुटली की रात्री बारापर्यंत फूड डिलिव्हरी करतो. चार वर्षांपूर्वी आईची गर्भपिशवी काढली, प्रायव्हेट दवाखान्याचं ते कर्ज अजून फिटलं नाही. आता बहिणीला स्थळ आलंय, ती अकरावीला आहे, सोळा पूर्ण. लग्नासाठी वडील मुकादमाकडून दोन लाख उचल (सीझनआधीची आगाऊ रक्कम) घेणार म्हणतात, पण एका कोयत्यात, म्हणजे नवरा-बायकोच्या एका जोडीत, तेवढं फिटणार नाही म्हणून मला पण यंदा सीझनला चल म्हणतात. इकडे रूममेट म्हणतो ४५ हजारांचा ट्रेडिंगचा कोर्स कर, त्याचे सर रीलमध्ये सांगतात की गरिबी ही मानसिकता आहे, खरी मेहनत करणारा गरीब राहूच शकत नाही. ते ऐकलं की मला आईबापाचा राग येतो आणि मग स्वतःची लाज वाटते. ताई खरं सांगा, मेहनतीने गरीब माणूस श्रीमंत होतो का? का आम्हीच काहीतरी कमी पडतोय?
– कोयत्याचा पोरगा

ताईंचं उत्तर:

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही रे, तुम्ही कमी पडत नाही आहात. बावीस सीझन पहाटे चारला उठून, थंडीत पाचटात हात घालून, दिवसभर तोडून, मोळ्या बांधून, रात्री गाडी आली की परत उठून ती भरणारी माणसं जर कमी पडत असतील तर मग पुरेशी मेहनत म्हणजे काय ते त्या रीलवाल्या सरांनी एकदा थळात, म्हणजे तोडणीच्या जागी, येऊन दाखवावं. मी काही काळ साखरशाळेत, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या शाळेत, शिकवलंय, त्यांच्या कोप्यांच्या, म्हणजे झोपड्यांच्या, रांगा बघितल्यात, पहिलीतल्या पोरी लहान भावाला कडेवर घेऊन शाळेत यायच्या कारण आई फडात. त्यामुळे यावर मला गुळगुळीत बोलता येणार नाही, आणि तू पण खरं सांगा म्हणालास.

जरा हिशोब मांडू, कारण राग आला की हिशोब मांडावा, राग कुणावर काढायचा ते नीट कळतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक कोयता दिवसाला किती तोडतो, ऊस चांगला असेल तर दोन टन, पडका किंवा पातळ असेल तर दीड. जानेवारी २०२४ मध्ये ठरलेला तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये. म्हणजे चांगल्या दिवशी दोघांचे मिळून ७३२. पाच महिन्यांच्या सीझनमध्ये कारखाना बंद पडतो, पाऊस येतो, थळ बदलताना दिवस जातो, दुखणं येतं, असं सगळं जाऊन १३० दिवस कामाचे धर. म्हणजे सत्तर ते पंच्याण्णव हजार, दोन माणसांचे, अख्ख्या सीझनचे. वाडं, म्हणजे उसाचे शेंडे, विकून थोडे वरखर्चाला येतात ते वेगळे. त्यातून किराणा, औषधं, आणि एखाद्या दिवशी अंगात ताप म्हणून फडात गेलं नाही तर खाडा कापतात तो. आता मला सांग, यात आईवडिलांनी अजून मेहनत करायची म्हणजे नेमकं काय करायचं? तीन टन तोडायचे? शरीराला शेवट आहे की नाही.

आता दुसरा आकडा बघ. २०२३-२४ च्या सीझनला सुरुवातीला हाच दर टनाला २७३ होता. संघटनांनी कोयता बंद आंदोलन केलं, बोलणी झाली, आणि जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ कबूल झाली, २७३ चे ३६६ झाले. जुन्या दराने तेवढेच ७३२ रुपये कमवायला तुझ्या आईबापाला रोज पावणेतीन टनाच्या आसपास तोडावं लागलं असतं. जे कितीही पहाटे उठून जमलं नसतं ते एका बैठकीत झालं. म्हणून मी म्हणते की तुमच्या घरात मेहनतीला तोटा नव्हता, मेहनतीचा भाव ठरवायला तुम्ही कधी बसलाच नव्हतात, आणि जेव्हा सगळे मिळून बसले तेव्हा फरक पडला. (ही वाढ पण कमीच आहे असं माझं मत आहे, पण ते असो.)

आणि उचल. तुला उचल काय ते मी सांगायला नको, पण तिचं गणित एकदा बाहेरून बघ. काम करायच्या आधी पैसे हातात येतात म्हणून ती मदत वाटते, पण त्या पैशाने तुमचे पुढचे पाच महिने आधीच विकले गेलेले असतात, आणि कुणाकडे काम करायचं, कुठल्या कारखान्याला जायचं, आजारी पडायचं की नाही हे पण त्यातच ठरलेलं असतं. सीझन संपताना फिटलं नाही तर बाकी पुढच्या वर्षावर, म्हणजे पुढच्या वर्षी दुसऱ्या मुकादमाकडे जरा बरा व्यवहार मिळत असला तरी जाता येत नाही. माणूस मेहनत करून वर येतो तो कसा, तर चार पैसे शिल्लक राहतात आणि नाही पटलं तर सोडून जाता येतं. उचल या दोन्ही गोष्टी काढून घेते.

त्याच उसाची दुसरी बाजू पण तुला माहीत असावी असं मला वाटतं. १९५० मध्ये प्रवरेकाठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ या मंडळींनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला, आशियातला पहिला म्हणतात. त्या भागातला शेतकरी काही श्रीमंत नव्हता, सावकाराच्या कचाट्यात होता, आणि मेहनती तर होताच. पण भंडारदऱ्याचं धरण १९२६ लाच पूर्ण झालं होतं, कालव्याचं पाणी शेतात होतं, त्यात गावोगाव फिरून शेअर्स गोळा झाले, सरकारने भांडवल दिलं, सोसायटीचं कर्ज मिळायला लागलं, कारखान्यात मत द्यायचा हक्क मिळाला. मग त्याच मेहनतीचे बंगले झाले, शाळा झाल्या, इंजिनीअरिंग कॉलेजं झाली. मी त्यांचं श्रेय काढून घेत नाही, त्यांनी घाम गाळलाच. पण ऊस तोच, शिवार तेच, आणि त्यात कोयता चालवणाऱ्याच्या घामाला ना पाणी मिळालं, ना शेअर, ना मत. २०२४-२५ ला उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा किमान भाव, टनाला ३,४०० रुपये होती, सव्वादहा टक्के साखर उताऱ्याला, त्यातून तोडणी-वाहतूक कापून शेतकऱ्याला पैसे मिळतात, म्हणजे लहान शेतकऱ्याला वाटतं मजूर महाग झाला आणि मजुराला वाटतं शेतकरी मजेत आहे, आणि दोघं एकमेकांवर चिडून बसतात. तो वेगळा विषय आहे, त्यात आत्ता जात नाही.

हिवरे बाजारचं उदाहरण पण असंच. अहिल्यानगर जिल्ह्यातलं दुष्काळी गाव, लोक मजुरीला बाहेर जायचे, दारूचे गुत्ते, भांडणं. १९८९-९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले, मग लोकांनी श्रमदान करून चर खणले, बांध घातले, झाडं लावली, शेतीला बोअर घ्यायला बंदी केली, उसासारखं पाणी पिणारं पीक लावायचं नाही ठरवलं. पाणी टिकलं तसे गेलेले लोक परत आले, आणि आज तिथली कितीतरी घरं चांगली सुखवस्तू आहेत. ही माणसं आधी पण मेहनतच करत होती, फक्त दुसऱ्याच्या बांधावर. नंतर तीच मेहनत स्वतःच्या जमिनीत, स्वतःच्या पाण्यावर झाली, आणि गावाने एकत्र बसून नियम पाळले. माझं म्हणणं एवढंच आहे. मेहनत लागतेच, तिच्याशिवाय काही नाही, पण ती कुठे लागते आणि तिचं उरतं कुणाकडे यावर सगळं ठरतं.

याचा कुणीतरी नीट अभ्यास करून बघितलाय का, तर बघितलाय. बांगलादेशात ब्रॅक नावाची मोठी संस्था आहे, त्यांनी २००७ पासून अतिगरीब घरातल्या बायकांना गाय वगैरे दिली आणि सांभाळायचं ट्रेनिंग दिलं, आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या लोकांनी अशा हजारो घरांचा अकरा वर्षं माग ठेवला. त्यात दिसलं असं की ज्यांच्याकडे आधीची थोडीफार पुंजी होती, एखादी शेळी, थोडी अवजारं, त्या घरांना गाय मिळाल्यावर ती एक पातळी ओलांडता आली आणि ती पुढे वरच जात राहिली. ज्यांना ती पातळी थोडक्यात गाठता आली नाही ती घरं हळूहळू परत खाली आली. आणि या दोघांच्या हुशारीत किंवा कष्टाळूपणात तसा फरक नव्हता. म्हणजे गरीब माणूस गरीब राहतो तो आळशी म्हणून नाही, त्याच्याकडे ती पहिली उडी मारण्यापुरतं काही नसतं म्हणून, आणि नाइलाजाने त्याला मजुरीच करत बसावं लागतं. हे वाचलं तेव्हा मला साखरशाळेतल्या पोरांचे आईबाप आठवले.

आता श्रीमंत. खरं सांगते, मजुराच्या पोटी जन्मून नुसत्या मेहनतीवर श्रीमंत झालेली माणसं आहेत, पण थोडी आहेत, आणि त्यांची गोष्ट सांगताना मधे मिळालेली जमीन, एखादा मामा, एखादं हॉस्टेल, एखादी वेळेवर आलेली नोकरी हे सगळं गाळून टाकतात. ओईसीडी या संस्थेने २०१८ ला अंदाज काढला होता की भारतात तळातल्या घराला सरासरी उत्पन्नापर्यंत यायला सात पिढ्या लागू शकतात, डेन्मार्कमध्ये दोन. सरासरीपर्यंत हं, श्रीमंतीपर्यंत नाही. डेन्मार्कचा माणूस काय आपल्यापेक्षा साडेतीनपट राबतो का? तिथे शाळा, दवाखाना, बेकारीतला आधार हे आईबापाच्या खिशावर सोडलेलं नाही. म्हणून तू श्रीमंत होशील का यापेक्षा तुझं घर उचलीतून कायमचं बाहेर येईल का हा प्रश्न घेऊ, कारण त्याचं उत्तर मला हो असं दिसतंय, आणि ते या एका वर्षावर बरंच अवलंबून आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बहीण. सोळा वर्षांच्या पोरीचं लग्न होणार नाही. यावर मी तुझ्याशी चर्चा पण करणार नाही. कायद्याने गुन्हा आहे, बालविवाहाविरुद्धचा २००६ चा कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा आणि एक लाखापर्यंत दंड, आईबापाला पण लागतो आणि लग्न लावणाऱ्याला पण. पण कायद्याच्या भीतीपेक्षा मला तुझ्या आईची पिशवी आठवते. २०१९ ला नीलम गोऱ्हेंच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी केली तेव्हा तेरा हजारांहून जास्त बायकांची गर्भाशयं काढलेली निघाली. लहानपणी लग्न, लागोपाठ बाळंतपणं, फडात ना संडास ना पाणी, पाळीत पण मोळ्या उचलायच्या, अंगावरून जायला लागलं की खाडा नको म्हणून अंगावर काढायचं, आणि मग कुणीतरी डॉक्टर म्हणतो काढून टाका. तुझी बहीण त्याच रस्त्यावर जायला निघालीये.

तुझे आईवडील वाईट नाहीत, हे मला माहीत आहे. पोरगी वयात आली, आपण पाच महिने घरी नाही, म्हातारीच्या भरवशावर सोडून जायचं कसं ही भीती खोटी नाही. आणि लग्न झालं की नवीन कोयता तयार, म्हणून समोरच्यांना पण घाई असते, जोडी तयार करायला घाईने उरकलेली गेटकेन लग्नं तू ऐकलीच असशील. बीडमध्ये राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विशी-चोविशीतल्या चाळीस टक्क्यांहून जास्त बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली दिसली, म्हणजे तुझा बाप जगावेगळं काही करत नाहीये. त्यामुळे नुसतं "लग्न करू नका" म्हणून भागणार नाही, "मग तिला ठेवायचं कुठे" याचं उत्तर घेऊन जा. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे, २०२१ ला मंजूर झाली, मुलींची वेगळी वसतिगृहं आहेत. ग्रामसेवकाकडून वडिलांचं ऊसतोड कामगार म्हणून ओळखपत्र काढून घे, आणि समाजकल्याण ऑफिसला स्वतः जाऊन अकरावीसाठी जागा आहे का विचार. तिथे नाही मिळाली तर सरकारी मागासवर्गीय मुलींचं वसतिगृह, तेही नाही तर स्वाधार किंवा सावित्रीबाई फुले आधार योजना तुमच्या प्रवर्गाला लागू होते का ते तिथेच विचार. फोनवर कुणी नीट सांगत नाही, सुट्टी टाक आणि जा. बारावीनंतरची काळजी असेल तर घरी सांग की २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस घरातल्या मुलींची इंजिनीअरिंग-फार्मसीसारख्या कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी माफ आहे, सरकारी प्रवेश प्रक्रियेतून ॲडमिशन घेतलं तर. आणि बहिणीला विचारलंस का रे तिला काय करायचंय? तुझ्या पत्रात तिच्या तोंडचा एकही शब्द नाहीये. आधी तिच्याशी बोल. घरचे अगदीच ऐकत नसतील आणि तारीख धरली तर चाइल्डलाइनच्या १०९८ ला फोन कर, तू स्वतः, नातेवाईक काय म्हणतील ते म्हणू दे.

लग्न पुढे गेलं की दोन लाखांच्या उचलीची गरजच निम्म्याच्या वर संपते, आणि तुझ्या सीझनला जाण्याचीही. जाऊ नकोस. आईवडिलांना एकटं टाकतोय असं वाटून घेऊ नकोस, तू गेलास तर घरात अर्धा कोयता वाढेल आणि एक पगार कायमचा जाईल. चाकणची नोकरी कॉन्ट्रॅक्टची असली तरी दर महिन्याला येणारी आहे, आणि तुमच्या घरात दर महिन्याला येणारा पैसा पहिल्यांदाच आलाय. तो तोडायचा नाही.

अनिरुद्ध कृष्णा म्हणून एक संशोधक आहेत, त्यांनी राजस्थान, गुजरात, आंध्रच्या गावांत घरोघर विचारून बघितलं की माणसं गरिबीत पडतात कशाने. सगळ्यात वर आजारपण आणि दवाखान्याचा खर्च, मग लग्न-मर्तिकाचे खर्च, आणि चढ्या व्याजाचं कर्ज. तुझं पत्र म्हणजे ही यादीच आहे बघ. एखादं घर दहा वर्षं राबून चार पायऱ्या चढतं आणि एका ऑपरेशनमध्ये सहा उतरतं. त्यामुळे कमाई वाढवायच्या आधी हे खाली ओढणारं थांबवू.

आईचं बघ. तुझ्या सॅलरी स्लिपवर ईएसआय, म्हणजे कामगारांच्या आरोग्य विम्याचे पैसे, कापतात का? २१ हजारांच्या आत पगार असेल आणि कंपनी त्या कायद्यात बसत असेल तर कापायलाच पाहिजे, कॉन्ट्रॅक्टवर असलास तरी. कापत असतील तर तुझ्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांची नावं पण त्यात टाकता येतात, उत्पन्नाची अट असते, ती विचार. आणि महात्मा फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्यांना आहे, पाच लाखांपर्यंत, ठरलेल्या हॉस्पिटलांत ठरलेल्या उपचारांना. पुढच्या वेळी आईला काही झालं तर प्रायव्हेटच्या पायऱ्या चढायच्या आधी या योजनेत ते हॉस्पिटल आहे का हे विचारायचं. पीएफचा यूएएन नंबर काढून बॅलन्स बघ, ठेकेदार कापतो आणि भरत नाही असं बऱ्याच ठिकाणी होतं. ओव्हरटाइम करत असशील तर त्याचा दर दुप्पट असतो, तो मिळतो का बघ.

मग कर्ज. दवाखान्याचं कर्ज कुणाकडचं आहे, व्याज काय, हे तू लिहिलं नाहीस. समज खाजगी माणसाचं आहे आणि शेकडा तीन रुपये महिना आहे, तर एक लाखाला वर्षाचे ३६ हजार नुसतं व्याज होतं, म्हणजे आईबापाच्या सीझनच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त तिथेच गेलं. ते आधी मार. आई उमेदच्या (सरकारी अभियानाच्या) बचत गटात असेल तर तिथून कमी व्याजाचं कर्ज घेऊन हे जुनं फेडता येतं का बघा, नसेल तर गटात नाव घालायला लाव. मुकादमाकडून हिशोब लिहून मागायचा, उचल किती, टन किती झाले, खाडे किती, बाकी किती. वडिलांना मागायला अवघड वाटेल, तर तू माग, नम्रपणे माग पण कागदावर माग, आणि प्रत्येक पावतीचा फोटो वडिलांच्या फोनवरून तुला आला पाहिजे अशी सवय लाव. बाकीसाठी कुणी धमकावलं, अडवून ठेवलं तर १९७६ पासून वेठबिगारी बेकायदा आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात वकील फुकट मिळतो.

कोर्सचं दोन ओळीत सांगते. ४५ हजार देऊ नकोस. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीने २०२४ ला स्वतः आकडे काढले, फ्युचर-ऑप्शनमध्ये तीन वर्षांत ९३ टक्के साध्या लोकांचे पैसे गेले, माणशी सरासरी दोन लाखांच्या आसपास. तुला गरिबी मानसिकता आहे असं सांगून तुझ्याच आईबापाची लाज वाटायला लावतो आणि मग त्या लाजेवर कोर्स विकतो, त्या माणसाचा मला मनापासून राग येतो.

डिलिव्हरीबद्दल मात्र जरा विचार कर. रात्री बारापर्यंत गाडी चालवून पेट्रोल जाऊन काय उरतं ते एक महिना वहीत लिही. कर्ज उतरेपर्यंत थोडे दिवस कर, मी नको म्हणणार नाही, पण दहा वर्षं डिलिव्हरी केलीस तरी अकराव्या वर्षी तुझा दर तोच राहणार, आणि एखाद्या रात्री झोपेत गाडी घसरली तर परत दवाखाना. तुझ्या हातात आयटीआयचं सर्टिफिकेट आहे. त्याच्यावर वायरमन परवाना काढ, डिलिव्हरीच्या वेळातला थोडा वेळ काढून त्याचा अभ्यास कर. परवाना असलेल्या माणसाला वायरिंगचं काम रीतसर करता येतं; स्वतःच्या नावावर कामं घ्यायची तर पुढे इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टरचं लायसन्स लागतं. छतावरच्या सोलरला सध्या काम आहे, पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ ला आली, एक कोटी घरांचं टार्गेट आहे, तीन किलोवॅटला ७८ हजार सबसिडी मिळते म्हणून लोक बसवतायत, आणि नीट फिटिंग करणारी पोरं लागतात. एखाद्या सोलरवाल्याकडे रविवारी हेल्पर म्हणून जा, पैसे कमी मिळाले तरी. आणि कधी पुढे शिकावंसं वाटलं तर दोन वर्षांच्या आयटीआयवरून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं हे लक्षात ठेव. साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली तेव्हापासून "कमवा आणि शिका" हा आपल्याकडे गरिबाच्या पोरांचा मोठा रस्ता राहिलाय. तिथे पण मुलं कष्ट करायचीच, पण त्या कष्टाच्या शेवटी हातात डिग्री असायची.

आणि आईबापाचा राग येतो म्हणालास. आजीकडे तुला ठेवून ते गेले म्हणून तू शाळेत राहिलास, नाहीतर तू पण सहाव्या-सातव्या वर्षी फडात वाडं गोळा करत असतास. बरोबरीच्या किती पोरांची शाळा दिवाळीनंतर सुटली ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. त्यांच्याकडे जमीन नव्हती, पाणी नव्हतं, शेअर नव्हता, त्यांनी जे होतं ते तुझ्या शिक्षणावर लावलं.

वडिलांशी बोलताना भाषण करू नकोस, आणि फोनवर तर नकोच. गावी जा, आई आणि बहीण दोघी समोर असू देत, वहीत लिहिलेला हिशोब घेऊन बस, त्यांना सांग की मी महिन्याला चार-पाच हजार ठरवून पाठवतो, त्यातून आधी व्याजाचं कर्ज काढू, उचल यंदा घ्यावीच लागली तर नेहमीएवढीच घ्या, लग्नासाठी एक रुपया नाही, आणि पुढच्या वर्षी त्याहून कमी. सगळं एका सीझनमध्ये सुटणार नाही, दोन-तीन जातील. तोवर वडिलांना अपमान वाटेल, चार दिवस बोलणार नाहीत, ते होऊ दे. उचलीचे पैसे एकदा हातात पडले की शब्द दिलेला असतो आणि मग काही बदलता येत नाही, म्हणून मुकादम घरी यायच्या आत हे झालं पाहिजे. याच शनिवारी घरी हे बोलणं कर. जाताना समाजकल्याण ऑफिसला शुक्रवारीच जाता येईल अशी सुट्टी टाक, कारण शनिवारी ते बंद असतं. बहीण काय म्हणाली ते मला कळव.

– ताई